बांडगुळाला पाणी कोण घालतं?

पाळीचं थोडं रक्त बीजनलिकांतून उलटं पोटात उतरतं, आणि ते बहुतेक बायकांच्या बाबतीत होतं. मग एंडोमेट्रिऑसिस, म्हणजे गर्भाशयाचं अस्तर बाहेर रुजण्याचा आजार, दहातल्या एकीलाच का होतो? या प्रश्नाचा एक महत्त्वाचा धागा रक्तपुरवठ्यापाशी जातो.

कोकणात आंब्यावरचं बांडगूळ तुम्ही पाहिलं असेल. बी फांदीला चिकटली म्हणून जगत नाही. सालीत शिरून झाडाचा रस मिळाला तरच ती पोसते. गर्भाशयाच्या अस्तराचा तुकडा पोटाच्या आतल्या आवरणाला चिकटला, तरी त्याचं तसंच. रक्त पोचलं नाही तर तो मरून जाईल. इथे मात्र झाडच बांडगुळाकडे पाट काढून देतं. प्राणवायू कमी पडला की पेशी ‘व्हीईजीएफ’ नावाचं प्रथिन सोडतात आणि त्या हाकेला जवळच्या केशवाहिन्यांना नवे फाटे फुटतात. पेशींना प्राणवायूची टंचाई कळते कशी, हे उलगडण्यात ऑक्सफर्डच्या पीटर रॅटक्लिफ यांचा वाटा होता. त्यासाठी 2019 चं नोबेल त्यांना दोन अमेरिकी शास्त्रज्ञांसह मिळालं.

एंडोमेट्रिऑसिस असलेल्या स्त्रियांच्या पोटातल्या द्रवात हे प्रथिन जास्त असतं, असं केंब्रिजच्या स्टीफन स्मिथ यांच्या गटाने 1996 मध्ये दाखवलं. ते सोडणाऱ्यांत मॅक्रोफेज, म्हणजे खरं तर पोटातला कचरा साफ करायला आलेल्या पेशी होत्या! मला या आजारातली सगळ्यात अस्वस्थ करणारी गोष्ट हीच वाटते. राखणदारच पाणी घालतो.

दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत हे पडद्यावर दिसतं. रुजलेल्या अस्तराचे काही डाग लालभडक असतात, भोवती बारीक वाहिन्यांचं जाळं. काही काळपट, काडीने पोळल्यासारखे. लाल डागांत नव्या वाहिन्या अधिक असतात. आणि वाहिन्यांच्या सोबतीने चेतातंतूही वाढतात. ‘एवढं काय दुखतं?’ असं विचारणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. तिथे दुखणं पोचवणाऱ्या नव्या तारा खरोखर आलेल्या असतात.

मग या वाहिन्याच रोखल्या तर? केंब्रिजच्या गटाने उंदरांत मानवी अस्तर रुजवून, व्हीईजीएफ अडवून पाहिलं. वाढ रोखली गेली. ते 2003 साल होतं. तरीही असं औषध आज या आजारासाठी नेहमीच्या उपचारांत नाही, आणि त्याला सबळ कारण आहे. बाईच्या शरीरात नव्या वाहिन्या महिन्याला लागतात. बीज सुटल्यावर बीजकोशात, पाळीनंतर गर्भाशयाचं अस्तर भरून येताना, पुढे गर्भ राहिला तर वारेसाठी. सरसकट पाणी तोडलं तर आंबाही वाळेल. म्हणून एडिनबरोत अँड्र्यू हॉर्न, फिलिपा साँडर्स यांनी वेगळी वाट धरली. या आजारात पोटाच्या आवरणातल्या पेशी लॅक्टेट जास्त बनवतात आणि लॅक्टेटही वाहिन्यांच्या वाढीला खतपाणी घालतं. ते कमी करणाऱ्या डायक्लोरोअॅसिटेटने उंदरांतले डाग लहान झाले, हे त्यांनी 2019 मध्ये मांडलं. हे औषध संप्रेरकांचं नाही. मूल हवं असलेल्या स्त्रियांना आजच्या संप्रेरकांच्या गोळ्या चालत नाहीत, त्यामुळे या शोधाचं मोल मोठं आहे.

असं औषध हाती येईपर्यंत वेळेवर निदान होणं, हेच हातात आहे. ब्रिटनमध्ये त्याला सरासरी 8 वर्षं 10 महिने लागतात, असं ‘एंडोमेट्रिऑसिस यूके’ने 2024 मध्ये सांगितलं. आपल्या मराठी घरांत त्यात ‘लग्न झालं की थांबेल’ची भर पडते. लंडन असो वा लीड्स, मुलगी पाळीत शाळा बुडवत असेल तर तारखा, दुखणं, शौचाला होणारा त्रास वहीत लिहून ठेवा आणि जीपीकडे जाताना ती वही सोबत न्या. सोनोग्राफी स्वच्छ आली म्हणून हा आजार नाही असं ठरवू नये, हे ब्रिटनच्या ‘नाइस’ या आरोग्यविषयक संस्थेच्या मार्गदर्शक सूचनांतच लिहिलेलं आहे. ते जीपीला सांगायला कचरू नका.