स्वारे म्हणजे सोयरे नव्हेत

आज एका शब्दाबद्दल बोलणार आहे. या शब्दापायी आमच्या बचत गटाची साठ पानं वाया जायची वेळ आली होती.

आमचं गाव शहापूर तालुक्यात. दोन वर्षांमागं मुलुंडहून एका ताईंचा फोन आला, "शनिवारी आमच्याकडे स्वारे आहे. साठ जण आहेत. तुमचे गावरान पदार्थ हवेत." आमच्या अध्यक्षाबाईंनी वहीत लिहिलं, 'सोयरे येणार, साठ पानं.' सोयरे म्हटल्यावर दुसरं काय करणार? पुरणपोळी, कटाची आमटी, भात, कुरडया. डबे डोक्यावर घेऊन लोकलनं गेलो आणि दुपारी एकला दारात हजर. ताई बघतच राहिल्या. कार्यक्रम संध्याकाळी सातला होता! गच्चीवर सतार वाजत होती, पाहुणे हातात बशी घेऊन उभे. उभ्या माणसानं कटाची आमटी कशी प्यायची, सांगा. निम्मं अन्न उरलं, आणि पैशांवरून बोलाचाली झाली ती वेगळीच.

तर हा शब्द फ्रेंच आहे. फ्रेंच भाषेत 'स्वार' म्हणजे संध्याकाळ आणि 'स्वारे' म्हणजे संध्याकाळभराचा वेळ, दिवस मावळल्यापासून झोपेपर्यंतचा. याची थोरली बहीण तुम्हाला ठाऊक आहे, सिनेमाचा मॅटिनी शो. 'मातँ' म्हणजे सकाळ, त्यावरून 'मातिने', म्हणजे सकाळभराचा वेळ. खेळांच्या बाबतीत फ्रेंचमध्येच सकाळची दुपार झाली आणि इंग्रजीतून आपल्याकडे ती मॅटिनी म्हणून आली.

गंमत अशी, की फ्रान्समध्ये या शब्दाला एरवी काही थाट नाही. तिथला दुकानदारसुद्धा संध्याकाळी गिऱ्हाइकाला निरोप देताना 'बॉन स्वारे' म्हणतो, म्हणजे तुमची संध्याकाळ छान जावो. तिकडं संध्याकाळच्या मेजवानीलाही हाच शब्द आहे. इंग्रजांनी तेवढाच अर्थ उचलला आणि शब्दाला भरजरी शालू नेसवला. बुफेचंही तसंच. मुळात ते ताटवाट्या ठेवायचं कपाट, आज आपल्या गावच्या लग्नातही बुफे असतो.

आता मुंबईत, अंधेरी-बोरिवलीपासून घाटकोपर-मुलुंडपर्यंत, निमंत्रणावर 'म्युझिकल स्वारे' असं छापलेलं दिसलं तर काय समजायचं? संध्याकाळी मोजक्या, बोलावलेल्या माणसांचा नीटनेटका कार्यक्रम. घरी, गच्चीवर किंवा लहान हॉलमध्ये. गाणं, कविता नाहीतर गप्पा. खाणं असतं, पण ते गाण्याच्या मागं. कानठळ्या बसवणारा डीजे असेल तर ती पार्टी, स्वारे नव्हे. काही जण नुसतं सँडविच आणि दोन गझला ठेवून तिकीट वाढवायला हा शब्द वापरतात, तो भाग सोडा.

आपल्याकडे यासाठी मैफल आहे, बैठक आहे. मैफल आणि जलसा हे शब्दही अरबीतून आलेले, तेव्हा परक्या शब्दावर नाक मुरडायचं कारण नाही. कोजागरीला सोसायटीच्या गच्चीवर मसाला दूध आणि गाणी असतात, ती स्वारेच की! हळदीकुंकूही जवळचंच, पण तिथं अजून बऱ्याच घरांत विधवा मैत्रिणीला बोलावत नाहीत. स्वारेला असली अट नसते. मला विचाराल तर एवढं त्यांच्याकडून जरूर घ्यावं.

लिहिताना मात्र जपा. इंग्रजी अक्षरं वाचून कुणी 'सोइरी' म्हणतं, कुणी 'सोयरी'. उच्चार 'स्वारे' असाच, आणि फ्रेंचमध्ये शब्द स्त्रीलिंगी, म्हणून 'ती स्वारे' म्हटलं तरी चालेल.

आता फोन आला की आम्ही आधी विचारतो: किती वाजता, बसून की उभ्यानं, पोटभर की तोंडात टाकण्यापुरतं? शब्द कळला नाही तर सरळ म्हणतो, "ताई, म्हणजे काय ते सांगा." त्यात लाज कसली? पुढची ऑर्डर घाटकोपरची होती. रुपयाएवढी थालीपिठं, कोथिंबीर वडी, सुपारीएवढे नाचणीचे लाडू नेले. रस्सा काही नाही, हात खराब होणार नाहीत असंच सगळं. निम्मे पैसे आगाऊ घेतले. परतीचं गाडीभाडंही बिलात धरतो, कारण रात्री दहाला कार्यक्रम संपल्यावर रिकामे डबे सांभाळत कसारा लोकल पकडणं आमच्यानं होत नाही.