बबीनाचा जानेवारी, पिओनीचा वसंत

झाशीहून ललितपूरकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावरचे बबीना हे छावणीचे गाव. जानेवारीतल्या पहाटे इथे स्वेटरवर शालही ओढावी लागते. एवढी थंडी पडत असताना अंगणात थंड प्रदेशात फुलणारी पिओनी का येऊ नये, असा प्रश्न बदलीवर आलेल्या कुणा मराठी बागप्रेमीला पडला, तर नवल नाही.

थंडी आहे, पण ती पुरेसा वेळ टिकत नाही.

शरद ऋतू सरताना पिओनीची पाने आणि देठ वाळून जातात. मातीखाली उरतात पिष्टाने भरलेली जाड मुळे आणि त्यांच्या माथ्यावरचे लालसर डोळे. पुढच्या वर्षीचा कोंब या डोळ्यांतच दबा धरून असतो. थंडी पुरेशी मिळाली, की वाढ रोखणाऱ्या संप्रेरकाचा जोर ओसरतो, वाढीला चालना देणाऱ्या जिबरेलिनचा वाढतो, पिष्टाची साखर होऊ लागते आणि डोळा फुटतो. जातीगणिक फरक पडतो, तरी बहुतेक पिओनींना त्यासाठी सात अंशांखालचे ५०० ते १,००० तास लागतात. बबीनाचा हिशेब मांडून पाहा. समजा, ४० रात्री दर पहाटे चार तास पारा सातखाली राहिला, तरी जमा होतात अवघे १६० तास. दुपारी पारा पुन्हा विशीपलीकडे जातो, ते वेगळेच.

भारताची स्वतःची पिओनी आहे. पांढऱ्या पाकळ्या आणि पिवळेधमक पुंकेसर असलेली ‘पिओनिया इमोडी’ पश्चिम हिमालयात, काश्मीरपासून उत्तराखंडापर्यंतच्या डोंगरउतारांवर फुलते. तिथे बर्फाखाली तिची झोप पुरी होते.

उष्ण प्रदेशातल्या इस्रायलने मात्र निर्यातीसाठी पिओनीची शेती उभी केली. तिथल्या संशोधकांनी शीतगृहातली थंडी आणि मुळांशी ओतलेले जिबरेलिक आम्ल यांची सांगड घातली. थंडीनंतर दिवसा २२ आणि रात्री १० अंशांच्या आसपास तापमान असेल, तर फुले उत्तम येतात आणि उष्मा वाढला की कळ्या गळतात, हेही त्यांना दिसले. झाशीकडचा जानेवारी साधारण असाच असतो! म्हणजे बबीनाचा हिवाळा पिओनीला झोपवायला अपुरा, पण फुलवायला चांगला.

तेव्हा झोप फ्रीजमध्ये उरकावी. ऑक्टोबरपासून आठ-दहा आठवडे मुळे ओलसर कोकोपीटमध्ये गुंडाळून दोन ते पाच अंशांत ठेवावीत. शेजारी सफरचंदे नकोत, त्यांतून निघणारा इथिलीन वायू डोळ्यांना मारक ठरतो. डिसेंबरच्या मध्याला खोल कुंडीत, पाण्याचा निचरा होणाऱ्या मातीत लावताना डोळ्यांवर दोन-तीन सेंटिमीटरच माती असावी. ‘कोरल चार्म’सारखी लवकर फुलणारी जात घेतली, तर उन्हाळा तापायच्या आत फुलांची आशा धरता येते.

पुढच्या वर्षाची खात्री मात्र नाही. मुळांत पुन्हा पिष्ट साठवायला पाने उन्हाळाभर हिरवी राहावी लागतात. मे महिन्यातल्या ‘लू’च्या उष्ण वाऱ्यात ती करपतात आणि पावसाळ्यात चिकट मातीतली मुळे कुजतात.

परदेशातल्या नातेवाइकाने मुळे बॅगेत घालून आणणे २००३ च्या वनस्पती विलगीकरण आदेशात बसत नाही. आयात परवाना आणि रोगमुक्ततेचे प्रमाणपत्र लागते. ‘पिओनी पॉपी’ या नावाने मिळणाऱ्या बियांपासून तर दूरच राहावे. ती पिओनी नव्हे, अफूची दुहेरी फुले असलेली जात आहे. भारतात विनापरवाना अफू लावणे हा १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे.