एक तार गप्प का बसते?

कागदावर तीन ठिपके काढा आणि ते एकमेकांना जोडा. झाला त्रिकोण! आता समजा, हे ठिपके म्हणजे शाळेच्या कॉम्प्युटर लॅबमधले तीन स्विच. दिव्याचं बटण नव्हे हं! ज्या चपट्या पेटीत ओळीने केबल खोचलेल्या असतात, ती पेटी.

एका कॉम्प्युटरने विचारलं, "अमुक पत्ता कुणाचा?" असा सगळ्यांसाठीचा निरोप स्विच आपल्या बाकीच्या सगळ्या पोर्टांतून, म्हणजे केबल खोचायच्या खाचांतून, पुढे धाडतो. पहिल्याने दुसऱ्याला दिला, दुसऱ्याने तिसऱ्याला आणि तिसऱ्याने पुन्हा पहिल्याला! हा निरोप आपण आत्ताच धाडला होता, हे पहिल्याच्या ध्यानात नसतं. तो परत पुढे ढकलतो. इंटरनेटच्या पाकिटावर 'आता इतकेच टप्पे उरले' असा आकडा असतो. तो शून्यावर आला की पाकीट टाकून देतात. स्विच ज्या पद्धतीने बोलतात त्या इथरनेटच्या निरोपावर मात्र असा आकडाच नाही! तो गरगरतच राहतो. अशी चक्रं एकापेक्षा जास्त असली तर दर फेरीला त्याच्या प्रतीही वाढतात. काही क्षणांत सगळं नेटवर्क ठप्प. याला म्हणतात ब्रॉडकास्ट स्टॉर्म, निरोपांचं वादळ.

मग तिसरी तार काढूनच टाकायची? छे! उंदराने दुसरी कुरतडली तर तीच तर कामाला येणार.

म्हणजे तार हवी, पण चक्र नको. हे कोडं 1985 मध्ये अमेरिकेतल्या रेडिया पर्लमन यांनी सोडवलं. तेव्हा त्या डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या कंपनीत होत्या. त्यांच्या युक्तीचं नाव स्पॅनिंग ट्री प्रोटोकॉल. या युक्तीवर त्यांनी चक्क एक कविताही केली!

मला यातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते ती ही, की पूर्ण नकाशा कुणाकडेच नसतो. प्रत्येक स्विच फक्त शेजाऱ्यांशी बोलतो. प्रत्येकाला स्वतःचा क्रमांक असतो. सुरू होताच जो तो सांगतो, "मुख्य मीच! माझा क्रमांक अमुक." शेजाऱ्याकडून लहान क्रमांक ऐकू आला की तो आपला हट्ट सोडतो आणि तो लहान क्रमांक पुढे सांगू लागतो. थोड्याच वेळात सगळ्यांच्या तोंडी एकच, सर्वांत लहान क्रमांक! तो ज्याचा, तोच मुख्य. मग प्रत्येक जण मुख्य स्विचकडे जाणारी सर्वांत सोयीची वाट धरतो. आपल्या त्रिकोणात मुख्य स्विचच्या समोरची तार उरते. तिच्या एका टोकाचं पोर्ट गप्प बसतं. चक्र तुटलं आणि सगळे जोडलेलेही राहिले.

गप्प बसलं तरी त्या पोर्टाचे कान उघडेच असतात. मुख्य स्विच दर 2 सेकंदांनी हाक घालतो आणि ती शेजाऱ्याशेजाऱ्यांतून सगळीकडे पोचते. ती 20 सेकंद आलीच नाही, तर कुठेतरी तार तुटली असं समजून गप्प पोर्ट जागं होतं. पण लगेच निरोप नेत नाही. आधी 15 सेकंद कानोसा घेतं, मग आणखी 15 सेकंद कोणता कॉम्प्युटर कुठे आहे ते शिकतं. घाई केली तर नवंच चक्र तयार व्हायचं! नंतर आलेली या युक्तीची नवी आवृत्ती हेच काम कितीतरी झपाट्याने करते.

आणि कुणी एकाच केबलची दोन्ही टोकं एकाच स्विचमध्ये खोचली तर? ही युक्ती येत असेल तर स्विचला आपलीच हाक दुसऱ्या पोर्टातून ऐकू येते. क्रमांक स्वतःचाच! त्याला सगळं उमगतं आणि दोहोंपैकी एक पोर्ट तो बंद करतो. सगळ्याच स्वस्त स्विचना हे जमत नाही. त्यांच्यात अशी केबल खोचली की वादळ सुरू!