हौशी रेडिओ केंद्रातील रेडिओ-वारंवारता व्यत्यय : स्रोत, मार्ग आणि निवारण

बीजसंज्ञा : हौशी रेडिओ, व्यत्यय, फेराइट, कॉमन मोड प्रवाह, अर्थिंग

प्रस्तावना :
२६ डिसेंबर २००४ रोजी त्सुनामीमुळे अंदमान-निकोबार बेटांवरील दळणवळण विस्कळीत झाले, तेव्हा पोर्ट ब्लेअर येथे उपस्थित असलेल्या हौशी रेडिओ चालकांनी मुख्य भूमीशी संदेशवहन चालू ठेवले. आपत्तीच्या वेळी असे संकेत बहुधा क्षीण असतात. रिसीव्हरमध्ये आधीच गोंगाट असेल, तर ते त्यात बुडून जातात. एस-मीटरवरील एक अंक म्हणजे ६ डेसिबल. गोंगाट ३ वरून ७ अंकांवर गेला, तर वाढ २४ डेसिबलची होते. म्हणजेच पूर्वीइतके स्पष्ट ऐकू येण्यासाठी पलीकडच्या केंद्राला शक्ती सुमारे २५० पट वाढवावी लागेल. बॅटरीवर चालणाऱ्या केंद्राला हे अशक्य आहे. म्हणून व्यत्ययाचे निवारण ही केवळ छंदाची नव्हे, तर उपयुक्ततेची बाब ठरते. सदर लेखात त्याची क्रमबद्ध पद्धती मांडली आहे.

व्यत्ययाचे स्रोत :
गोंदिया जिल्ह्यातील सौंदडसारख्या ग्रामीण परिसरात महानगराचा गोंगाट नसला, तरी एलईडी दिवे, मोबाइल चार्जर, सौर पंपाचे नियंत्रक, शेताच्या कुंपणाला झटका देणारी यंत्रे आणि वीजवाहिन्यांवरील सैल जोड हे संभाव्य स्रोत ठरतात. प्रत्येकाचा आवाज निराळा असतो. चार्जरमधील स्विचिंग परिपथ ६५ किलोहर्ट्झवर चालत असेल, तर दर ६५ किलोहर्ट्झ अंतरावर गोंगाटाचा पट्टा आढळतो. सैल जोडातील ठिणगी ५० हर्ट्झ प्रवाहाच्या प्रत्येक अर्धचक्रात उडते, त्यामुळे सेकंदाला १०० स्पंदांची घरघर ऐकू येते. कोरड्या हवेत ती वाढते, पावसात बहुधा कमी होते. कुंपणाच्या यंत्राची टकटक मात्र साधारण सेकंदाला एकदा येते.

स्रोताचा शोध :
प्रथम रिसीव्हर बॅटरीवर चालवून घराचा मुख्य स्विच बंद करावा. गोंगाट थांबल्यास स्रोत घरातच आहे. मग एकेक परिपथ सुरू करून दोषी उपकरण ओळखावे. गोंगाट कायम राहिल्यास मध्यम लहरींचा ट्रान्झिस्टर घेऊन परिसरात फिरावे. त्यातील फेराइट दांडीचा अँटेना दिशादर्शक असल्याने, तो फिरवून आवाज सर्वांत क्षीण होणारी स्थिती शोधली की स्रोताच्या दिशेचा अंदाज येतो. विजेच्या खांबाला हात लावू नये वा तो हलवू नये. खांबाचा क्रमांक टिपून वीज वितरण कार्यालयास कळवावे.

निवारण :
व्यत्यय बहुधा उपकरणाच्या पेटीतून नव्हे, तर त्याला जोडलेल्या तारांतून पसरतो. केबलमधील सर्व तारांवरून एकाच दिशेने वाहणारा कॉमन मोड प्रवाह त्या केबललाच अँटेना बनवितो. त्यास रोखण्यासाठी केबल फेराइटच्या कड्यातून अनेक वेढे देऊन न्यावी. रोध साधारणतः वेढ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ३ वेढ्यांनी तो सुमारे ९ पट होतो. केबलवर नुसते एक कडे चढविल्यास ७ मेगाहर्ट्झवर विशेष फरक पडत नाही, याचे कारण हेच होय. उपाय उपकरणाच्या अगदी जवळ करावा. अँटेनाच्या जोडबिंदूवरही असाच चोक बसवावा. त्यामुळे कोअॅक्सियल केबलच्या बाह्य आवरणावरून घरातील गोंगाट अँटेनाकडे जात नाही. प्रक्षेपणाच्या वेळी शेजाऱ्याच्या ध्वनिवर्धकात आवाज उमटण्याचा धोकाही कमी होतो. ट्रान्समीटरनंतर जोडलेला लो-पास फिल्टर ७.१ मेगाहर्ट्झच्या मूळ संकेताबरोबर निघणारे १४.२, २१.३ असे गुणज, त्यांची छेद-वारंवारता योग्य असल्यास, अडवितो.

अर्थिंगने सर्व व्यत्यय जातो, ही समजूत मात्र तपासावी लागते. विद्युत सुरक्षेसाठी अर्थिंग आवश्यकच आहे. परंतु ७.१ मेगाहर्ट्झवर पाव तरंगलांबी सुमारे १०.५ मीटर असल्याने, वरच्या मजल्यावरून जमिनीपर्यंत गेलेली तेवढी तार रेडिओ लहरींना मार्ग देण्याऐवजी मोठा रोध निर्माण करते आणि स्वतःच अँटेनासारखी वागते.

एक तुलनात्मक उदाहरण :
पुणे जिल्ह्यातील नारायणगावजवळ खोडद येथील जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांनी विश्वातील अतिक्षीण संकेत टिपते. रेडिओ गोंगाट कमी असणे हा जागेच्या निवडीतील एक निकष होता. तरीही वीजवाहिन्यांवरील ठिणग्यांचा उपद्रव तेथेही होतो. तेथे स्पंदरूप व्यत्यय ओळखून ते नमुने तत्क्षणी गाळणारी अंकीय यंत्रणा वापरली जाते. तथापि गाळणी गेलेला मूळ संकेत परत आणत नाही. म्हणून स्रोतावरील उपायास प्राधान्य द्यावे लागते.

निष्कर्ष :
१) व्यत्ययाचे निवारण स्रोत, मार्ग आणि रिसीव्हर या क्रमाने करावे.
२) खर्चिक फिल्टर घेण्यापूर्वी मुख्य स्विचची चाचणी करावी, तिला काहीही खर्च येत नाही.
३) महाविद्यालयांतील भौतिकशास्त्र व इलेक्ट्रॉनिक्सच्या विद्यार्थ्यांना हा अभ्यास प्रात्यक्षिक म्हणून देता येईल. रिसीव्हर चालवून ऐकण्याच्या प्रयोगांतून आपल्या गावाचा रेडिओ-गोंगाट मोजता येईल आणि संकटकाळी ऐकू येण्याची तयारीही होईल.