गोळी तीच, मात्रा कुणाची?

मर्कॅप्टोप्युरिन नावाची फिकट पिवळी गोळी १९५३ सालापासून रक्ताच्या कॅन्सरवर दिली जाते. गर्ट्रूड एलियन आणि जॉर्ज हिचिंग्ज यांनी ती घडवली. १९८८च्या नोबेल पारितोषिकात या कामाचा मोठा वाटा होता. त्याआधी, १९४८ साली, बोस्टनच्या सिडनी फार्बर यांनी अमिनोप्टेरिन देऊन मुलांचा ल्युकेमिया निदान काही महिने तरी हटवता येतो हे दाखवलं होतं. ते औषध ज्या लेडर्ली प्रयोगशाळेतून आलं, तिथलं संशोधन आंध्रातून अमेरिकेत गेलेले यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या हाताखाली चालत होतं. आज मुलांमधला अॅक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया, म्हणजे वॉर्डात सगळे ज्याला ‘एएलएल’ म्हणतात तो, श्रीमंत देशांत दहापैकी साधारण नऊ मुलांच्या बाबतीत आटोक्यात येतो.

पण हे दहापैकी नऊ कुणाच्या घरातले, हा प्रश्न विचारला की आकडा दुभंगतो. अमेरिकेत एएलएलचं प्रमाण सर्वाधिक आहे ते हिस्पॅनिक मुलांमध्ये, म्हणजे मेक्सिको, ग्वातेमाला अशा देशांत मुळं असलेल्या कुटुंबांत. कृष्णवर्णीय मुलांमध्ये ते गोऱ्या मुलांच्या जवळजवळ निम्मं आहे. तरीही आजार झाल्यावर वाचण्याचं प्रमाण या दोन्ही गटांत वर्षानुवर्षं गोऱ्या मुलांपेक्षा कमी राहिलं. म्हणजे आजार कमी होणारेही त्यातून कमीच वाचत होते. धोका आणि निकाल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या एकत्र कालवल्या की सगळं खापर ‘रक्तावर’ फोडणं सोपं जातं.

२००३ साली ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात दोन अभ्यास एकदमच आले. एकात देशभरच्या नोंदी होत्या आणि वंशागणिक तफावत उघड दिसत होती. दुसरा होता मेम्फिसच्या सेंट ज्यूड रुग्णालयाचा. तिथे उपचाराचं बिल कुटुंबाला जात नाही आणि सगळ्या मुलांना एकच काटेकोर उपचार मिळतो. तिथल्या कृष्णवर्णीय आणि गोऱ्या मुलांचे निकाल सारखे निघाले. माझ्या मते या विषयावर बोलू पाहणाऱ्या प्रत्येकाने हा अभ्यास आधी वाचावा आणि मगच जनुकांकडे वळावं.

जनुकांकडे वळावं लागतं, हेही खरंच. २००९ साली एआरआयडी५बी आणि आयकेझेडएफ१ या जनुकांमधले असे बदल सापडले, ज्यांनी एएलएलचा धोका वाढतो. एआरआयडी५बीमधले धोक्याचे बदल अमेरिकेच्या मूळ रहिवाशांचा वारसा असलेल्यांत जास्त आढळतात. पुढे जीएटीए३ जनुकातही असाच बदल मिळाला आणि त्याचा संबंध आजाराच्या एका चिवट प्रकाराशी निघाला. २०११ साली सेंट ज्यूडच्या जुन यांग आणि सहकाऱ्यांनी मुलांच्या फॉर्मवर लिहिलेला वंश बाजूला ठेवला आणि थेट डीएनएवरून वारसा मोजला. मूळ अमेरिकी वारसा दहा टक्क्यांहून जास्त असलेल्या मुलांत आजार उलटण्याचा धोका अधिक होता. त्याच अभ्यासात पुढे दिसलं की किमोथेरपीचा एक जादा टप्पा दिला की हा वाढीव धोका निघून जातो. वारशाने आलेला धोकाही नीट आखलेल्या उपचाराने पुसता येतो, एवढं यातून पक्कं झालं.

आता पुन्हा त्या पिवळ्या गोळीकडे. एएलएलच्या उपचाराचे सुरुवातीचे महिने सलाईन, पाठीच्या मणक्यातली इंजेक्शनं आणि ताप यांत जातात. मग येतो मेंटेनन्सचा लांब पल्ला. दीडदोन वर्षं मूल घरी राहतं आणि रोज ही गोळी घेतं. इथे डॉक्टर समोर नसतो, आई असते. डॉ. स्मिता भाटिया यांनी अमेरिकेत या घरातल्या उपचाराचा माग काढला. गोळ्यांच्या बाटलीला त्यांनी असं झाकण लावलं की ते उघडल्याची तारीख-वेळ आपोआप नोंदली जाईल. २०१२ साली त्यांनी मांडलं की ठरलेल्या गोळ्यांपैकी ९५ टक्क्यांहून कमी घेतल्या गेल्या तर आजार उलटण्याचा धोका बराच वाढतो. महिन्यातून दोन गोळ्या चुकल्या तरी ही रेषा ओलांडली जाते. हिस्पॅनिक कुटुंबांत गोळ्या जास्त चुकत होत्या.

पण गोळी चुकते तशीच ती सोसतही नाही. शरीर या औषधाचं काय करतं हे ठरवणारं टीपीएमटी नावाचं एन्झाइम आधीच माहीत होतं. युरोपीय वंशाच्या दहांतल्या साधारण एकात ते मंद असतं, म्हणून तिथे त्याची तपासणी रुळली. कोरियन लोकांत टीपीएमटीचे हे बदल विरळ, तरी औषध सुरू केलं की त्यांच्या पांढऱ्या पेशी मात्र धडाधड पडत. सोलमधल्या संशोधकांनी या कोड्याचा पिच्छा पुरवला. त्यांचे रुग्ण कॅन्सरचे नव्हते. आतड्याच्या क्रोन्स आजारासाठी ते याच कुळातलं औषध घेत होते. २०१४ साली उत्तर मिळालं: एनयूडीटी१५ नावाचं दुसरंच जनुक. औषधाचं डीएनएत घुसणारं रूप निकामी करणं हे त्याचं काम. ते बिघडलं की नेहमीची मात्रा विषासारखी चढते, पेशी पडतात, केस झडतात.

पुढच्याच वर्षी यांग यांच्या गटाने ल्युकेमियाच्या मुलांत हे तपासलं. त्यांतली बरीच मुलं भाटियांच्या त्या झाकणाच्या अभ्यासातलीच होती. एनयूडीटी१५च्या दोन्ही प्रती बदललेल्या मुलांना ठरलेल्या मात्रेच्या सरासरी ८ टक्केच औषध सोसलं. एखाद्या सहा-सात वर्षांच्या मुलाला रोज ५० मिलिग्रॅमची एक गोळी बसते असं धरा. या हिशेबाने त्याला तीच एक गोळी बारा दिवसांना पुरेल. हे आधी ठाऊक नसेल तर घरात काय होतं? आई रोज रात्री न चुकता गोळी देते, तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात मूल तापाने फणफणतं, रक्तपेशी मोजणाऱ्या सीबीसीचा रिपोर्ट येतो, काउंट पडलेले असतात. गोळी बंद होते, काउंट वर येतात, गोळी पुन्हा सुरू होते, पुन्हा पडतात. त्यात संसर्ग जिवावर बेततो. आणि आईला वाटत राहतं, आपलंच काहीतरी चुकलं.

एनयूडीटी१५मधला हा बदल पूर्व आशियात सर्रास आढळतो, मूळ अमेरिकी वारशाच्या लोकांत आढळतो आणि आपल्याकडे, दक्षिण आशियातही. आपल्या मुलांत टीपीएमटीपेक्षा एनयूडीटी१५चाच प्रश्न मोठा आहे. युरोपीय मुलांत तो क्वचित, म्हणून कित्येक दशकं तो कुणाच्या नजरेलाच आला नाही. मात्रा ठरली एका लोकसमूहावरून आणि वापरली गेली सगळ्या जगात. मला यात सर्वांत टोचतं ते हेच.

काउंटवर मात्रा बेतण्याचा आणखी एक फटका आफ्रिकी वारशाच्या मुलांना बसतो. त्यांच्यातल्या अनेकांच्या तांबड्या पेशींवर डफी नावाचं प्रथिन नसतं. एका प्रकारच्या मलेरियाशी झगडताना हा गुण टिकून राहिला. अशा माणसांच्या न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी निरोगी असतानाही कमी दिसतात. ते नैसर्गिक आहे हे ओळखलं नाही तर औषध विनाकारण कमी केलं जातं.

बोनमॅरो बदलायची वेळ आली की वारसा आणखी एका रूपात आडवा येतो. सख्ख्या भावंडाचं एचएलए, म्हणजे पेशींवरच्या ओळखखुणांचा संच, जुळण्याची शक्यता चारात एक. तसं जुळलं नाही तर अनोळखी दाता शोधायचा. २०१४च्या एका अमेरिकी हिशेबात युरोपीय वंशाच्या रुग्णाला उत्तम जुळणारा दाता मिळण्याची शक्यता ७५ टक्के, तर दक्षिण व मध्य अमेरिकेत मुळं असलेल्या कृष्णवर्णीयांना १६ टक्के निघाली. दाता बहुधा आपल्याच लोकसमूहात सापडतो, म्हणून परदेशातल्या मराठी रुग्णाचा शोधही फिरून भारतातल्या नोंदणीकडे येतो. ‘दात्री’सारख्या संस्था २००९पासून हे काम करत आहेत, पण आपल्या लोकसंख्येपुढे नावं फारच थोडी आहेत.

परळच्या टाटा मेमोरियलने १९८०च्या दशकात दिल्ली आणि चेन्नईच्या संस्थांसोबत एमसीपी-८४१ हा इथल्या परिस्थितीला झेपेल असा उपचारक्रम राबवला आणि भारतीय मुलांचे निकाल सुधारले. आपल्याकडे टी-पेशींचा एएलएल पश्चिमेपेक्षा जास्त दिसतो, हेही अशाच कामातून पुढे आलं. मुलं गमावण्याचं एक मोठं कारण मात्र कुठल्याच जनुकात नव्हतं: उपचार अर्धवट सोडून गावी परतणं. मुंबईत खोली नाही, रोजगार बुडतो, धाकटं मूल गावाकडे. २००६पासून सेंट ज्यूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्स अशा कुटुंबांना मोफत राहायला जागा देतात. माझ्या लेखी ही जागा औषधाइतकीच मोलाची आहे.

एनयूडीटी१५ची तपासणी साध्या रक्ताच्या नमुन्यावर होते आणि जन्मात एकदाच करावी लागते. जनुक पाहून मात्रा कशी कमी करायची याचं आंतरराष्ट्रीय मार्गदर्शन २०१८च्या सुमारास आलं. निदानापासून मेंटेनन्सपर्यंत काही महिने जातात, त्यामुळे गोळ्यांचा हा लांब पल्ला सुरू होण्याआधी रिपोर्ट हातात यायला पुरेसा वेळ असतो. ज्यांच्या घरात या आजाराची फाइल नुकतीच उघडली आहे, त्यांनी पहिल्या महिन्यातच डॉक्टरांना ही तपासणी केली का, म्हणून विचारावं.