पात्याची सावली

खगोलशास्त्राचा विद्यार्थी रात्रभर आकाशाकडे दृष्टि लावून बसतो, अशी आपली समजूत असते. परंतु दुर्बिणीच्या घडणीचा अभ्यास करणाराचे कित्येक दिवस बंद खोलींत, ओल्या हातांनीं कांच घासण्यांत जातात.

सहा इंच व्यासाच्या दोन जाड चकत्या घ्यावयाच्या, त्यांच्यामध्यें कार्बोरंडमची भुकटी व पाणी घालावयाचें आणि वरची चकती मागेंपुढें सरकवीत राहावयाचें. वरची खोलगट होत जाते, खालची फुगीर. १२० सेंटिमीटर केंद्रांतराच्या आरशाची मध्यभागींची खोली सव्वा मिलिमीटरहि भरत नाहीं! पुढें बारीक भुकटी व झिलई.

खरा पेंच यानंतरचा. गोलाकार आरसा ताऱ्याचे किरण एका बिंदूंत आणीत नाहीं; त्यासाठीं अन्वस्ताकार पृष्ठ हवें. या दोन आकारांतील फरक कडेपाशीं मिलिमीटरच्या सुमारें सव्वातीन हजाराव्या भागाएवढा. तो दिसावा कसा?

फ्रेंच शास्त्रज्ञ फूको यानें १८५८ सालीं युक्ति सांगितली. आरशापासून २४० सेंटिमीटरांवर, म्हणजे त्याच्या वक्रतामध्यापाशीं, बारीक छिद्राआड दिवा ठेवावा. परतणाऱ्या किरणांत वस्तऱ्याचें पातें हळूहळू सरकवावें आणि पात्यामागून आरशाकडे पाहावें. आरसा निर्दोष गोल असेल, तर सर्व पृष्ठ एकदम काळवंडतें. अन्वस्ताकार आरशाच्या कडेचे किरण मात्र मध्याच्या किरणांपेक्षां सुमारें २.४ मिलिमीटर दूर मिळतात. त्यामुळें पृष्ठावर छायाप्रकाशाचे डोंगर दिसूं लागतात. डोळ्यास अगोचर असा फरक येथें साध्या पट्टीनें मोजण्याजोगा होतो.

कांचेवर क्षणभर बोट टेकून पाहा. उष्णतेनें तेथें चक्क टेंकडी उगवते! म्हणून झिलईनंतर आरसा निवूं द्यावा लागतो. उतावळा विद्यार्थी नसलेलीच टेंकडी घासून तेथें खड्डा पाडतो.

परीक्षेचें साधनच चुकलें तर? १९९० सालीं अंतराळांत गेलेल्या हबल दुर्बिणीचा २.४ मीटरचा आरसा अत्यंत गुळगुळीत होता, पण चुकीच्या आकाराचा. परीक्षायंत्रांतील एक भिंग १.३ मिलिमीटर सरकलेलें होतें. त्यामुळें आरशाची कड मायक्रॉनच्या दुपटीहून किंचित् अधिक सपाट झाली. दुसऱ्या, कमी सूक्ष्म यंत्रानें दोष दाखविलाहि होता; तो यंत्राचाच दोष समजला गेला. डिसेंबर १९९३ मध्यें अंतराळवीरांनीं सुधारक आरशांची योजना बसविली, तेव्हां प्रतिमा स्पष्ट झाल्या.

प्रयोगशाळेंत दुसऱ्याचे आंकडे आपल्याशीं जुळले नाहींत, तर काढलेली कांच पुन्हा चिकटवितां येत नाहीं हें स्मरून, आधीं दिवा आणि पातें तपासावें.