खानदेशचा गंधक गेला कोठे?

तापीकाठचा गाळ सोडला तर धुळ्याच्या आसपास कोठेही विहीर खणा, काळा पाषाण लागतोच. आणि तो सुरुंगाशिवाय हटत नाही. आपला लळिंगचा किल्लाही त्याच पाषाणावर उभा आहे. हा बसाल्ट म्हणजे सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी ज्वालामुखीतून आलेला शिलारस. ज्वालामुखी तेथे गंधक, असे आपण शाळेत शिकलो. मग आपल्याकडे गंधकाची एकही खाण का नाही? भूगोल शिकताना मला हा प्रश्न पडला.

गंधक साचतो कसा, ते आधी पाहू. शिलारसातील गंधक वर येताना वायुरूप होतो. सल्फर डायऑक्साइड व हायड्रोजन सल्फाइड या वायूंचा संयोग झाला की पाणी आणि गंधक तयार होतात व भेगेच्या तोंडाशी पिवळे थर बसतात. त्यासाठी वायू एकाच जागी दीर्घकाळ झिरपावा लागतो. अंदमानातील बॅरन बेटावर असे थर आढळले आहेत. इंडोनेशियातील कावाह इजेन येथे तर मजूर 70-80 किलो गंधक खांद्यावरून डोंगर चढून आणत आले आहेत.

आपल्याकडे मात्र जमीनच लांबच लांब भेगांनी फाटली. धुळे-नंदुरबार भागात माळावरून भिंतींसारख्या धावणाऱ्या काळ्या खडकांच्या रांगा दिसतात. तो भेगांत थिजलेला शिलारस होय. अशा उद्रेकात बहुतेक गंधक थेट आकाशात जातो. आइसलंडमध्ये 1783 साली लाकी येथे अशीच भेग पडली. सुमारे 12 कोटी टन सल्फर डायऑक्साइड हवेत गेला, विषारी वायूंनी गुरे मेली, दुष्काळ पडला आणि देशातील सुमारे पाचवा हिस्सा माणसे दगावली. दख्खनचा शिलारस त्याहून हजारो पटींनी अधिक होता. तेव्हाच्या जीवसृष्टीने काय सोसले असेल, याची कल्पनाच करावी! जमिनीवर थोडाफार गंधक राहिलाही असेल. पण उघड्यावर त्याचे आम्ल बनते आणि ते पावसाबरोबर वाहून जाते.

चोपडा तालुक्यातील उनपदेवचे ऊन पाणी पाहून कित्येकांना खाली ज्वालामुखी जागा आहे असे वाटते. तसे नाही. पावसाचे पाणी भेगांतून खोल मुरते, तेथील उष्णतेने तापते आणि वर येते.

आज आपला शेतकरी भुरी रोगावर जी गंधकाची भुकटी मारतो, तो गंधक मुख्यतः खनिज तेल व वायू शुद्ध करताना मिळतो. ज्वालामुखीने आपल्याला गंधक ठेवला नाही. कापूस पिकवणारी काळी माती मात्र त्याच पाषाणाची आहे.